जबडा सासरचा, दात माहेरचे?

प्रश्न : डॉक्टर, आम्ही बार्शीचे. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत आहे. तोंड मिटलं की त्याचे खालचे पुढचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात. सासऱ्यांचा जबडा असाच पुढे आहे, धाकट्या दिरांचा तर जास्तच. मिस्टरांचा थोडा आहे, पण दाढीत झाकला जातो. घरात याला 'पाटलांचा जबडा' म्हणतात, आणि त्याचा थोडा अभिमानही आहे. इथल्या दवाखान्यात महिन्यातून दोनदा सोलापूरहून ऑर्थोचे, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करणारे, डॉक्टर येतात. त्यांनी एक्स-रे काढला, कागदावर 'क्लास थ्री' लिहिलं आणि चेहऱ्यावर लावायचा मास्क सांगितला, तोही लवकर सुरू करा म्हणाले. क्लास थ्री म्हणजे तिसरी स्टेज तर नाही ना? सासूबाई म्हणतात, रक्तातलं आहे ते मास्कनं जाणार आहे का, मोठा झाला की बघू. मिस्टर म्हणतात, एवढा खर्च करून परत तसंच झालं तर? सासू-सासरे आते-मामे भावंडं आहेत, त्यामुळे हे आलं का? मुलगी सहा वर्षांची आहे, रात्री अंगठा चोखते. तिचे दात पुढे येणार असं वाटतं. माझेही पुढे होते, कॉलेजात असताना तार लावली. तिच्याबद्दल 'हे आईकडचं' म्हणून सगळे मोकळे होतात. तिलाही आत्ताच प्लेट बसवून घेऊ का? जीभ टाळूला लावून जबडा सुधारतो असे व्हिडिओ मोबाइलवर येतात, ते खरं का?
– एक आई, बार्शी

उत्तर :

ताई,

मुलासाठी घाई करा, मुलीसाठी करू नका. एकाच घरातल्या दोन पोरांना दोन उलटे सल्ले का, ते सांगते.

आधी ती तिसरी स्टेज. क्लास थ्री ही आजाराची पायरी नाही, चाव्याचा, म्हणजे तोंड मिटल्यावर वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याचा, प्रकार आहे. वरच्या आणि खालच्या पहिल्या कायमच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात, यावरून एडवर्ड अँगल या अमेरिकी दंतवैद्यानं १८९९ मध्ये तीन प्रकार पाडले. आम्ही आजही तेच लिहितो. दाढा जागेवर असतील तर पहिला, मग पुढचे दात वेडेवाकडे का असेनात. खालची दाढ मागे असेल तर दुसरा; त्यात बहुतेक वेळा वरचे दात पुढे दिसतात. खालची दाढ पुढे असेल तर तिसरा. तुमचा मुलगा तिसऱ्यात, आणि तुम्ही स्वतः बहुधा दुसऱ्यात होतात.

आता सासूबाईंचं म्हणणं. 'रक्तातलं आहे' हे त्यांचं वाक्य बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

चाव्याच्या सगळ्या तक्रारींमध्ये घराण्यात सर्वांत ठळकपणे उतरणारी हीच. ठळक क्लास थ्री असलेल्या मुलांच्या घरच्यांची जुन्या काळी पद्धतशीर तपासणी झाली, तेव्हा साधारण एक तृतीयांश मुलांच्या आई किंवा वडिलांचा जबडा तसाच निघाला आणि एक षष्ठांश मुलांच्या सख्ख्या भावाबहिणीचा. म्हणजे नातं घट्ट आहे, पण ठरलेलं नाही. सासऱ्यांचा ठळक, मिस्टरांचा जेमतेम, दिरांचा सगळ्यांत जास्त, हा तुमच्या घरातलाच नमुना बघा. एका जनुकानं चालू-बंद होणारी ही गोष्ट असती तर असे कमीजास्त प्रकार दिसले नसते. यात अनेक जनुकं थोडा थोडा हात लावतात. म्हणूनच रक्त तपासून 'याचा जबडा किती पुढे जाईल' हे सांगणारी कामाची चाचणी आज नाही. त्यापेक्षा घरातले चेहरे जास्त सांगतात.

म्हणून पुढच्या भेटीला मिस्टरांना सोबत न्या, आणि शक्य असेल तर दाढी काढून. दिरांचा बाजूनं काढलेला एखादा फोटो आणि सासऱ्यांचा तरुणपणीचा, लग्नातला चालेल, तोही घेऊन जा. मुलाचा जबडा दिरांच्या वाटेनं जाईल की वडिलांच्या, हे फोटोवरून छातीठोकपणे सांगता येत नाही. पण डॉक्टरांना सावध किती राहायचं, किती वर्षं लक्ष ठेवायचं, याचा अंदाज येतो. बरेच पालक हे सांगायला लाजतात आणि पोराचा एक्स-रे तेवढा पुढे करतात.

घराण्यातलं म्हणजे हात लावता येत नाही, ही समजूत मात्र सोडा. जबडा म्हणजे एक हाड नव्हे, वरचा आणि खालचा असे दोन आहेत, आणि दोघांचं वाढणं वेगळं. बाहेरून बघणाऱ्याला हनुवटी पुढे दिसते, म्हणून सगळे खालच्या जबड्याला बोल लावतात. प्रत्यक्षात अशा बऱ्याच मुलांमध्ये वरचा जबडा मागे राहिलेला असतो, किंवा दोन्हींचा थोडा थोडा दोष असतो. वरचा जबडा चेहऱ्याच्या बाकीच्या हाडांना शिवणींनी जोडलेला असतो. आठ-दहा वर्षांपर्यंत या शिवणी दाद देतात, त्यांना हळूहळू पुढे ओढता येतं. पुढे त्या गुंतत जातात आणि मास्क लावला तरी हाडाऐवजी नुसते दातच सरकतात. डॉक्टर 'लवकर' म्हणाले ते या कारणानं. गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून नव्हे.

खालच्या जबड्याची गोष्ट वेगळी. त्याची वाढ अडवून धरणारं भरवशाचं साधन आमच्याकडे नाही. हनुवटीला टोपी लावून मागे दाबण्याचे उपाय पूर्वी खूप झाले. टोपी लावलेली असेपर्यंत बरं दिसायचं, पण वाढीच्या वयात जबडा आपली कसर भरून काढायचा. मुलांचा खालचा जबडा सोळा-सतरापर्यंत तर वाढतोच, काहींचा अठरा-विसापर्यंतही.

यातूनच मिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तर निघतं. परत तसंच होऊ शकतं का? हो, होऊ शकतं. ब्रिटनमध्ये ७ ते ९ वयाच्या ७३ क्लास थ्री मुलांवर नीट आखलेला प्रयोग झाला. निम्म्यांना मास्क, निम्म्यांना काही नाही. कोणाला काय, हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलेलं. ६ वर्षांनी तज्ज्ञांनी या मुलांकडे पुन्हा पाहिलं. मास्क न लावलेल्यांपैकी ६६ टक्के मुलांना पुढे जबड्याची शस्त्रक्रिया लागेल असं त्यांचं मत पडलं, मास्क लावलेल्यांपैकी ३६ टक्क्यांना. हा निकाल २०१६ मध्ये छापून आला. याचा अर्थ मास्क लावूनही तिघांतल्या एकाला सुटका नाही. पण न लावणाऱ्यांत तिघांतल्या दोघांना नाही. माझा मुलगा असता तर मी मास्क लावला असता. तुमच्या मिस्टरांना हे आकडे असेच्या असे दाखवा. खर्चाचा विचार करणाऱ्या माणसाला शंभर टक्क्यांचं आश्वासन दिलं की तो आणखी बिथरतो.

मास्कआधी एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून विचारा : पोरगा तोंड मिटताना जबडा पुढे सरकवतो का? कधी कधी एखादा दुधाचा सुळा किंवा आत वळलेला वरचा दात मधे येतो. तो टाळायला मूल खालचा जबडा पुढे घसरवून चावतं. जबडे ठीक असतात, चावा उलटा दिसतो. डॉक्टर हनुवटीला हलका हात लावून, जीभ मागे वळवायला सांगून तोंड मिटायला लावतात. तेव्हा पुढचे दात टोकाला टोक आले, तर काम बरंच सोपं असतं. तुमच्या घराण्याचा इतिहास पाहता निव्वळ हे असेल असं मला वाटत नाही, पण दोन्ही मिळून असणं अगदी शक्य आहे.

मास्क कसा असतो, ते मुलाला आधी दाखवा. कपाळाला एक गादी, हनुवटीला एक गादी, मधे दांडी, आणि तोंडातल्या प्लेटपासून दांडीपर्यंत दोन रबरं. तोंडातली प्लेट बहुतेक वेळा स्क्रूची असते. टाळूच्या मधोमध बारीक किल्ली घालून ती सांगितल्याप्रमाणे फिरवायची, हे काम तुमच्याकडे येईल. फिरवायला लागल्यावर काही दिवसांत वरच्या दोन पटाशीच्या दातांत फट पडली तर घाबरू नका, जबडा रुंदावतो आहे याची ती खूण, आणि ती आपोआप मिटते. मास्क दिवसातले १२ ते १४ तास, साधारण ९ महिने ते वर्षभर. शाळेत घालून जायची गरज नाही. संध्याकाळी घरी आला की लावायचा तो सकाळी आंघोळीला काढायचा. बार्शीच्या उन्हाळ्यात हनुवटीखाली घाम येऊन कातडी लाल होते. गादीखाली सुती कापड ठेवा, आणि चोळवटलं तर अंगावर न काढता डॉक्टरांना फोन करा. जेवताना काढायचाच.

यात दात-हाडांइतकंच महत्त्वाचं काय, तर घरात त्याला कोणी हसता कामा नये. मास्क रोज किती तास लागला हे कॅलेंडरवर लिहायचं काम आजोबांकडे द्या. ज्यांच्यावरून जबडा आला असं सगळे म्हणतात, त्यांनीच नातवाच्या पाठीशी उभं राहिलं तर पोरगं कुरकुर कमी करतं. शिवाय घराण्याच्या अभिमानाचा प्रश्नही तिथल्या तिथे मिटतो.

मास्कचं वर्ष संपलं की सुटलो, असं नाही. त्यानंतर सहा महिन्यांनी, वर्षानं दाखवत राहायचं, अगदी मिसरूड फुटून आवाज फुटेपर्यंत आणि त्याही पुढे. तेराव्या-चौदाव्या वर्षी ब्रेसेस लागतील, ते गृहीत धरा. आणि एवढं करूनही जबडा दिरांच्या वाटेनं गेलाच, तर वाढ पूर्ण थांबल्यावर, मुलांमध्ये अठराच्या पुढेच, शस्त्रक्रिया करता येते. ती तोंडाच्या आतून होते. वरचा जबडा पुढे, खालचा मागे, किंवा दोन्ही. सासूबाईंचं 'मोठा झाला की बघू' खरं तर या शेवटच्या पायरीला लागू पडतं. पहिल्या पायरीला लावलं तर मधली दहा वर्षं वाया जातात.

आता आते-मामे भावंडांचा प्रश्न. तो तुम्ही दबक्या आवाजात विचारला आहे असं वाटलं, म्हणून स्पष्ट सांगते. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नात होणाऱ्या मुलाला जनुकाची तीच प्रत आई आणि वडील दोघांकडूनही मिळण्याची शक्यता प्रत्येक जनुकापुरती १६ मध्ये १ इतकी वाढते. ही झाली तुमच्या मिस्टरांची आणि दिरांची गोष्ट. तुमच्या मुलाची नव्हे. तुमचं माहेर आणि सासर यांचं आधीचं रक्ताचं नातं नसेल, तर त्याच्या बाबतीत हा आकडा शून्यावर येतो. सासू-सासऱ्यांच्या लग्नाचा भार नातवावर चढत नाही. त्याला वडिलांकडून जे काही आलं, ते परक्या घरच्या सुनेशी लग्न केलेल्या कुठल्याही माणसाच्या मुलाला येईल तसंच.

नात्यातल्या लग्नांनी जबडा पुढे येतो ही समजूत जगभर पसरली ती युरोपातल्या हॅब्सबर्ग राजघराण्यामुळे. स्पेनच्या गादीवर बसलेल्या या घराण्यात चुलत-मामे भावंडांची, काका-पुतणीची, मामा-भाचीची लग्नं पिढ्यान् पिढ्या होत राहिली. राज्य घरात राहावं हा हेतू. चौथ्या फिलिपनं सख्ख्या बहिणीच्या मुलीशी लग्न केलं, त्यांचा मुलगा दुसरा चार्ल्स, १६६१ ते १७०० इतकाच जगलेला. त्याला जनुकाची तीच प्रत आईवडील दोघांकडून मिळण्याचा आकडा जवळजवळ चारात एक होता, म्हणजे सख्ख्या भावाबहिणीच्या संततीइतका. जबडा इतका पुढे की नीट चावता येत नसे. २०१९ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी या घराण्यातल्या १५ जणांची ६६ चित्रं जबड्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या १० डॉक्टरांपुढे ठेवली आणि प्रत्येकाच्या जबड्याला गुण द्यायला सांगितले. रक्ताचं नातं जितकं दाट, तितका जबडा पुढे, असा कल दिसला. दरबारी चित्रकार राजाला देखणा करतो असं आपण धरून चालतो. तरीही एवढं उरलं, म्हणजे मूळ चेहरे कसे असतील बघा.

पण यातून उलटा अर्थ काढू नका. पुढे आलेला जबडा दिसला की नात्यात लग्न झालं असणार, हे खरं नाही. असे बहुसंख्य पेशंट नात्याबाहेरच्या लग्नांतूनच आलेले असतात. उद्या तुमच्या घरात पुन्हा मामाच्या मुलीचं स्थळ निघालं, तर मी विरोध करीन, पण तो जबड्यासाठी नाही. त्याहून कितीतरी गंभीर आनुवंशिक आजार अशा लग्नांत डोकं वर काढतात, त्यांच्यासाठी.

आता मुलगी, आणि 'आईकडचं'.

आपल्याकडे एक लाडकं स्पष्टीकरण आहे : आईचे मोठे दात आणि बापाचा छोटा जबडा एकत्र आले, म्हणून दात मावेनात. नुसती आपल्याकडचीच नाही ही कल्पना. अमेरिकेत १९३०च्या दशकात चार्ल्स स्टॉकार्ड यांनी कुत्र्यांच्या वेगवेगळ्या जातींचा संकर करून पाहिला, आणि पिल्लांचे जबडे चमत्कारिक, चावे भलतेच निघाले. झालं, माणसांचंही तसंच असणार असं डॉक्टरही बरीच वर्षं मानत होते. पण कुत्र्यांच्या अनेक छोट्या जाती खुजेपणाच्या जनुकांवर पोसलेल्या असतात, आणि तो खुजेपणा हाडांच्या वाढीलाच हात घालतो. माणसांत तसं काही सर्रास नसतं. हवाई बेटांवर पॉलिनेशियन, चिनी, जपानी, युरोपीय अशी लग्नं पिढ्यान् पिढ्या झाली. तिथल्या मुलांचे दात मोठ्या प्रमाणावर तपासले तेव्हा संकरामुळे चावे बिघडतात असं काही निघालं नाही. तेव्हा जबडा सासरचा नि दात माहेरचे, हा हिशेब घरगुती भांडणाला बरा, दवाखान्यात कामाचा नाही.

दाटी, फटी, पुढचे दात किती कललेत या गोष्टी जबड्याच्या हाडाइतक्या घराण्यावर चालत नाहीत. जुळ्यांच्या आणि भावंडांच्या अभ्यासांत हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. हाडांची मापं एकमेकांशी जुळतात, दातांची रांग तेवढी जुळत नाही. दातांच्या रांगेवर सवयी, श्वास, कीड यांचा हात जास्त. (अपवाद जन्मतः न आलेल्या दातांचा. वरचा बाजूचा पटाशीचा दात किंवा सुळा आणि मोठी दाढ यांच्यामधली दुसरी उपदाढ मुळात तयारच न होणं घराण्यात अगदी सरळ उतरू शकतं, त्यामागची काही जनुकंही माहीत आहेत. मोठा एक्स-रे काढाल तेव्हा दात मोजून घ्या.)

तुमच्या आईला एक विचारा : तुम्हीही लहानपणी अंगठा चोखत होतात का? उत्तर 'हो' आलं तर मला नवल वाटणार नाही. घरात सवयीही उतरतात आणि आपण त्यांना रक्त म्हणतो.

रात्रभर तोंडात असलेला अंगठा वरचे दात पुढे ढकलतो, खालचे आत दाबतो, आणि मधे पोकळी ठेवतो. मूल दात चावून हसलं की ती पोकळी दिसते. दिवसा पाच-दहा मिनिटं चोखण्यानं विशेष होत नाही, तासन् तास राहणारा हलका दाब वाईट. आनंदाची गोष्ट ही की कायमचे पुढचे दात येण्याच्या सुमारास सवय सुटली तर बरंचसं आपोआप सुधारतं. तिचं वय सहा, म्हणजे वेळ हीच आहे. कडुलिंब, मिरची, हातावर चापट यातलं काही नको. त्यानं सवय चादरीखाली जाते, सुटत नाही. झोपताना हातात सुती मोजा घालायचा, तो शिक्षा म्हणून नाही, आठवण म्हणून. अंगठा न चोखता गेलेल्या रात्री कॅलेंडरवर चांदणी. भावाच्या मास्कच्या तासांशेजारीच तिच्या चांदण्या लिहिल्या तर दोघांत चढाओढ लागेल, ती उपयोगी पडेल. आणि ती रात्री तोंड उघडं ठेवून झोपते का, घोरते का, हे बघा. तसं असेल तर दाताच्या डॉक्टरांआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. नाकामागच्या गाठी सुजल्या असतील तर प्लेट लावून उपयोग नाही.

दुधाचे दात पुढे दिसतात म्हणून आत्ता प्लेट नको. वर पुढे आलेले दात लवकर, आठ-नऊ वर्षांत सुरू करून दोन टप्प्यांत सुधारायचे, की अकरा-बाराव्या वर्षी वाढीचा जोर असताना एकाच टप्प्यात, यावर चांगले प्रयोग झालेत. शेवटी दोन्ही गटांतली मुलं जवळपास सारखीच निघाली. लवकर केल्याचा एक फायदा मात्र दिसला : पडून-आपटून पुढचे दात तुटण्याचं प्रमाण कमी झालं. तेव्हा मुलगी सारखी सायकलवरून पडणारी असेल, किंवा शाळेत कोणी 'दाताडी' म्हणून रडवत असेल, तर नऊच्या सुमारास डॉक्टरांशी बोला. नाहीतर अकरापर्यंत थांबा. मधल्या काळात, कायमचे सुळे येईपर्यंत, वरच्या पुढच्या दातांत फटी दिसतील, दात फाकलेले दिसतील. बहुतेक मुलींचं ते तसंच असतं. फोटो काढा आणि सोडून द्या.

तिच्यासाठी आत्ता खरं काम कोणतं, तर दुधाच्या दाढा सांभाळणं. 'दुधाचीच तर आहे, पडणारच' म्हणून किडलेली दाढ काढून टाकणारे आईबाप मी रोज बघते. मागची दुधाची दाढ साधारण दहा-अकरापर्यंत राहायची असते. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तशी ती खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा धरून बसते. ती पाचव्या-सहाव्या वर्षी गेली की सहाव्या वर्षी आलेली मोठी दाढ पुढे सरकते आणि जागा खाऊन टाकते. मग बाराव्या वर्षी दात एकमेकांवर चढतात आणि घरात सगळे म्हणतात, आईवर गेली. काढावीच लागली तर जागा राखणारी छोटी पट्टी त्याच डॉक्टरांकडून लगेच बसवून घ्या. चहात बुडवलेलं बिस्किट रात्री झोपताना देऊ नका.

व्हिडिओतली जीभ. जीभ टाळूला लावून ठेवल्यानं वाढलेल्या वयात किंवा मुलांत जबड्याचं हाड सुधारतं, याला दाखवण्यासारखा पुरावा नाही. त्यात मुलाची खरी वेळ निघून जाते, एवढंच माझं दुखणं. कडक चावून खाण्यानं जबडा नीट वाढतो, यात मात्र थोडं तथ्य आहे. १९८०च्या दशकात चंदीगडच्या आसपास खेड्यातल्या आणि शहरातल्या तरुणांची तुलना झाली. माणसं एकाच प्रांतातली, पण शहरात मऊ खाणाऱ्यांचे चावे जास्त बिघडलेले. २००४ मध्ये हायरॅक्स नावाच्या सशाएवढ्या आफ्रिकी प्राण्यावर प्रयोग झाला. शिजवलेलं मऊ अन्न खाऊन वाढलेल्यांच्या चेहऱ्याचा खालचा-मागचा भाग, कच्चं कडक खाणाऱ्यांपेक्षा १० टक्क्यांच्या आसपास कमी वाढला. म्हणजे जबड्याला काम हवं. तुम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या. तुमच्याकडची कडक भाकरी, हुरडा, शेंगदाणे, ऊस सोडून पोरांना मैद्याची खारी कशाला? दोघांनाही चावून खायची सवय लावा. पण ऊस खाऊन क्लास थ्री सुटत नाही, हेही लक्षात ठेवा. मुलाच्या प्लेटवर तर ऊस अजिबात नको, प्लेट मोडेल.

शेवटी पैसे. सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून पूर्ण खर्च लिहून घ्या : मास्क आणि प्लेट किती, नंतरच्या तपासण्या त्यात धरल्यात का, तेराव्या वर्षीच्या ब्रेसेस वेगळ्या का. हप्ते बहुतेक ठिकाणी चालतात. खाजगीत परवडत नसेल तर दंत महाविद्यालयाची ओपीडी बघा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, आणि खाजगी महाविद्यालयांतही खर्च बाहेरच्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. तिथे पदव्युत्तर शिकणारे डॉक्टर काम करतात, वर प्राध्यापक बघतात, काम चांगलं होतं. फक्त दर महिन्या-दीड महिन्यानं जाणं-येणं आणि पोराची एक दिवसाची शाळा बुडणं, याचा हिशेब करून ठरवा. सोलापूरहून येणाऱ्या डॉक्टरांकडेच करायचं असेल तर मधल्या दिवसांत रबर तुटलं, प्लेट टोचली तर कोणाला फोन करायचा, तेही त्यांनाच विचारून ठेवा. मुलीला त्याच भेटीत सोबत नेऊन दाढा तेवढ्या तपासून घ्या.